छतावर सोलर, तरी लाइट गेली की अंधार. बॅकअप हवा असेल तर काय करायचं?

‘लाखभर रुपये घातले, गच्ची भरून पॅनेल लावली, आणि लाइट गेली की शेजाऱ्यांबरोबर आम्हीही अंधारात!’ सोलर बसवलेल्या घरांत पहिल्या पावसाळ्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं आणि ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं. त्यामुळे आता तालुक्याच्या गावीही गच्च्यांवर निळी-काळी पॅनेल दिसतात. बिल खरंच कमी येतं. मात्र लाइट गेल्यावर काय होणार, हे विकताना फारसं कुणी सांगत नाही आणि घेताना विचारायचं सुचत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एकदम वीज गेली. भर दुपार, डोक्यावर ऊन. तरीही ज्या घरांवर नुसती पॅनेल होती आणि बॅटरी नव्हती, ती इतर घरांसारखीच बंद पडली.

पॅनेल बिघडलेली नसतात. त्यांना तसंच वागायला सांगितलेलं असतं.

ऊन आहे, पॅनेल आहेत, मग वीज कुठे जाते?

आधी दोन यंत्रं वेगळी ओळखू. पॅनेलमधून येणारी डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं, भिंतीवर बसवलेलं यंत्र म्हणजे सोलर इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर पंखे चालवणारं, शेजारी बॅटरी ठेवलेलं यंत्र म्हणजे घरचा इन्व्हर्टर. या लेखात ही दोन्ही नावं अशीच वापरतो, कारण निम्मा गोंधळ या दोघांना एकच समजल्याने होतो. आणि ग्रीड म्हणजे वीज कंपनीचं तारांचं जाळं, जे डीपीवरून आपल्या मीटरपर्यंत येतं.

अनुदानातून बसतात ते बहुतेक सोलर इन्व्हर्टर ऑन-ग्रीड असतात. भजनातल्या टाळकऱ्यासारखं त्यांचं काम चालतं. मृदंगाचा ठेका सुरू असेल तोवर टाळकरी त्यात बरोबर मिसळतो, पण ठेका धरणं हे त्याचं काम नव्हे. ग्रीडचा ठेका म्हणजे २३० व्होल्टचा दाब आणि सेकंदाला ५० आवर्तनं. ऑन-ग्रीड इन्व्हर्टर तो ओळखतो, त्याच्याशी जुळवून घेतो आणि आपली वीज त्यात सोडतो. ग्रीड गेलं की दोन सेकंदांच्या आत त्याने थांबलंच पाहिजे. आयएस १६१६९ या भारतीय मानकात नेमकी हीच चाचणी आहे, आणि ती पार केल्याशिवाय इन्व्हर्टर नेट मीटरला (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरला) जोडता येत नाही.

इतकं कडक का? कारण वर खांबावर लाइनमन चढलेला असतो. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला देतो. उलट्या बाजूने वीज शिरली, तर तोच ट्रान्सफॉर्मर २३० चे ११ हजार करतो. लाइन बंद आहे असं समजून हात लावणाऱ्या माणसाच्या हाताखाली ते येतात.

‘माझं ३ किलोवॅट अख्ख्या गावाला काय पुरणार? लगेच बसेल खाली,’ असं यावर कुणी म्हणेल. बहुतेक वेळा बसेलही. पण डीपीवरचा फ्यूज काढल्यावर पुढे चारच घरं उरली, त्यातली दोन बंद आणि दोघांकडे सोलर, अशी वेळ येऊ शकते. तेवढा भार ३ किलोवॅट सहज पेलेल. शिवाय ग्रीड परत येतं तेव्हा दोन्हीकडची आवर्तनं जुळलेली नसतील, तर आधी तुमचाच इन्व्हर्टर जळेल.

मेन स्विच पाडून फक्त घरापुरतं चालवलं तर?

हा प्रश्न जाणकार माणसंही विचारतात आणि तो रास्त आहे. घर ग्रीडपासून तोडलं की लाइनमनचा धोका संपतो. मग अडचण कुठे?

एक तर सोलर इन्व्हर्टरला ठेकाच मिळत नाही, म्हणून तो सुरू होत नाही. समजा, तो कसातरी सुरू केला, तरी दुसरी अडचण उभी राहते. घरात ज्या क्षणी जितकी वीज लागते, त्याच क्षणी तितकीच तयार व्हावी लागते. ग्रीड असताना कमी-जास्त झालेलं ते सांभाळून घेतं. ग्रीड नसताना ढग आला आणि पॅनेलची वीज अडीच किलोवॅटवरून आठशे वॅटवर घसरली, तर? फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, तेव्हा? दिवे फडफडून सगळं बंद. मधली ही देवाणघेवाण सांभाळायला साठा लागतो, म्हणजे बॅटरी. आणि स्वतः ठेका धरू शकणारा इन्व्हर्टर लागतो. बॅकअपसाठी जे काही विकत घ्याल, ते या दोन गोष्टींचं कुठलं तरी रूप असतं.

बॅटरीच्या आधी कागद-पेन

दुकानदार विचारतो, ‘किती किलोवॅटचा हवा?’ या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नका. आधी कागदावर लिहा: लाइट गेल्यावर काय चाललंच पाहिजे, आणि किती तास.

साधा पंखा ७५ वॅट घेतो. एलईडी दिवा ९-१०, वायफायचा राउटर १०, टीव्ही साधारण ६० ते १००. फ्रिज चालू असताना शे-दीडशे वॅट घेतो, पण तो थांबून थांबून चालतो, म्हणून दिवसाचं एक-सव्वा युनिट धरा. एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. इथपर्यंत सगळं आवाक्यातलं आहे. पुढे गिझर २ हजार वॅट, इंडक्शन शेगडी तितकीच, इस्त्री हजार, दीड टनाचा एसी साधारण दीड हजार. उष्णता किंवा थंडावा करणारी उपकरणं यादीत आली की बॅटरीचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. ती बॅकअपच्या बाहेर ठेवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद फक्त घरात आजारी माणूस असेल तर; मग ऑक्सिजनचं यंत्र यादीत पहिलं.

पाण्याचा पंप फसवा असतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, असं पाटीवर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात चालताना तो हजाराच्या आसपास घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. ‘३ किलोवॅटचा इन्व्हर्टर आहे, पंप का चालत नाही?’ याचं उत्तर त्या पहिल्या क्षणात आहे. टाकी मोठी बसवा आणि लाइट असताना भरून ठेवा. पाण्याचा असा साठा बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

आणखी एक स्वस्त उपाय आहे, ज्यात विक्रेत्याला फारसा रस नसतो: बीएलडीसी, म्हणजे ब्रशविना चालणाऱ्या मोटरचे पंखे. तेवढाच वारा आणि वीज साधारण ३० वॅट. तीन पंखे बदलले की २२५ वॅटचा भार ९० वर येतो. म्हणजे आहे तीच बॅटरी जवळपास दुप्पट वेळ पुरते.

घरात आहे तोच इन्व्हर्टर पुरेल का?

पुष्कळ घरांत पुरतो. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत इन्व्हर्टर शिरला, तो अजून कोपऱ्यात आहे. नेहमीची जोडी म्हणजे ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर (शिशाची) बॅटरी. व्हीए हे इन्व्हर्टरच्या ताकदीचं माप, एएच बॅटरीच्या साठ्याचं. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १.८ युनिट. शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि वाटेत थोडी गळतीही होते, म्हणून हाती एक-सव्वा युनिट धरा. तीन साधे पंखे, चार दिवे आणि राउटर चार तास. बीएलडीसी पंख्यांवर सात-आठ तास.

सोलर बसवलं तरी ही व्यवस्था जशीच्या तशी चालू राहते. लाइट असताना बॅटरी भरते, आणि दिवसा ती पॅनेलच्या विजेवरच भरते. लाइट गेली की सोलर थांबतं आणि पंखे बॅटरीवर चालतात. ज्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा तासभर लाइट जाते, त्यांनी हायब्रीड इन्व्हर्टरच्या (त्याच्याबद्दल पुढे) जाहिराती बघून मन विचलित करून घेऊ नये.

फक्त एक जोडणी तपासून घ्या, कारण ती चुकली तर नुकसान मोठं होतं. सोलर इन्व्हर्टरची तार मेनच्या बाजूला असली पाहिजे. घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर ती कधीही नको. काही वायरमन ‘लाइट गेल्यावरही सोलर चालेल’ म्हणून ती तिथे जोडून देतात. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह (ग्रीडसारखीच वीज देणारा) असेल तर सोलर इन्व्हर्टर फसतो, त्याला ग्रीड आल्यासारखं वाटतं आणि तो खरंच सुरू होतो. मग घरात न लागलेली दोन किलोवॅट वीज त्या ९०० व्हीएच्या डब्यात उलटी घुसते. ती घेण्याची सोय त्याच्यात नसते. बोर्ड जळतो, किंवा बॅटरी उकळून हायड्रोजन वायू सोडू लागते. पहिल्या दिवशी मात्र सगळं झकास चालतं, म्हणून तर ही युक्ती पसरते.

याच बॅटरीला दिवसा उन्हाचा वेगळा आधार द्यायचा असेल, तर एक निराळं पॅनेल घ्या, छतावरच्या ग्रीडच्या संचाशी न जोडलेलं. सोलर चार्ज कंट्रोलरमधून ते थेट बॅटरीला जोडतात. ३३० वॅटचं एक पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला एक युनिटच्या थोडं वर देतं, म्हणजे ही बॅटरी भरण्यापुरतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला मोठं पॅनेल जोडताना कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या. साध्या कंट्रोलरमध्ये पॅनेलचा जास्तीचा दाब वाया जातो. ग्रीडशी संबंध नसल्याने नेट मीटरच्या कागदपत्रांनाही हात लावावा लागत नाही.

हायब्रीड: सोलर इन्व्हर्टरच बदलायचा

रोज तीन-चार तास लाइट जाते आणि तीही दिवसा, अशा ठिकाणी हिशेब बदलतो. ३ किलोवॅटचं सोलर आपल्याकडे दिवसाला साधारण १२ युनिट देतं, आणि त्यातला मोठा वाटा अकरा ते दोनमधला असतो. नेमकी त्याच वेळी लाइट गेली तर पाचेक युनिट हवेत जातात. अंधाराचा त्रास झालाच, वर बिलातही फटका.

हायब्रीड इन्व्हर्टर पॅनेल, बॅटरी आणि ग्रीड या तिघांना एकत्र सांभाळतो. लाइट असताना तो टाळकरी असतो. लाइट गेली की ग्रीडची तार तोडून स्वतः मृदंग हाती घेतो. हा बदल साधारण १० ते २० मिलिसेकंदांत होतो. संगणकही बहुधा बंद पडत नाही. पॅनेलची वीज घरात आणि बॅटरीत जाते. बॅटरी भरली आणि घरातही खप नसला, तर उरलेली वीज तेव्हाही वायाच जाते. पाचही युनिट वाचतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

आता बाजारातले खाचखळगे. ‘हायब्रीड’ नावाने ग्रीडला वीज न पाठवणारी यंत्रंही, म्हणजे सोलर पीसीयू, विकली जातात. यंत्र वाईट नाही, पण नेट मीटरच्या घरात त्याचा उपयोग नाही. आयएस १६१६९ चं प्रमाणपत्र मागितलं की उलगडा होतो. दुसरं, तुमच्या पॅनेलची माळ. ५४० वॅटची सहा पॅनेल एकापुढे एक जोडली की कामाचा दाब अडीचशे व्होल्टच्या आसपास जातो आणि भार नसताना तीनशेपर्यंत. नवा इन्व्हर्टर हा दाब घेतो का, हे आधी बघा, नाहीतर गच्चीवरचं वायरिंग पुन्हा करावं लागेल.

बॅटरी बहुतेक लिथियमची, त्यातही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची घेतली जाते. ५१.२ व्होल्ट आणि १०० एएच म्हणजे ५.१२ युनिट, त्यातले चार-साडेचार हाती. ट्युब्युलर बॅटरी हजार-दीड हजार वेळा भरते-रिकामी होते, तर एलएफपी तीन हजारांच्या पुढे जाते. पाणी घालावं लागत नाही. महाग आहे, पण रोज वापर असेल तर दीर्घकाळात तीच परवडते. वर्षातून दहा वेळा वापरणाऱ्याने ट्युब्युलरवर भागवावं. एलएफपीही पत्र्याखाली तापणाऱ्या खोलीत ठेवू नका.

खर्चाचा विसरला जाणारा भाग म्हणजे वायरिंग. बॅकअपवरचे पंखे, दिवे आणि फ्रिज वेगळ्या बोर्डावर आणावे लागतात. जुन्या घरांत दोन-तीन सर्किटना मिळून एकच न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) ओढलेली असते. ती वेगळी केली नाही तर आरसीसीबी (विजेची गळती होताच पडणारा स्विच) सारखा पडतो आणि दोष इन्व्हर्टरला मिळतो. वायरमनला अर्थिंगचाही एक प्रश्न विचारा. एरवी न्यूट्रल डीपीवर अर्थ केलेली असते. हायब्रीड ग्रीडपासून सुटला की तो आधारही सुटतो, आणि मग कुणाला शॉक लागला तरी आरसीसीबी पडेलच असं नाही. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये त्या वेळेपुरती न्यूट्रल अर्थला जोडणारा रिले असतो. ‘यात तो आहे का, आणि चालू केलाय का?’ एवढंच विचारा. उत्तर देताना समोरचा गडबडला तर दुसरा माणूस शोधा.

चांगला चालणारा सोलर इन्व्हर्टर फेकायचा का?

गरज नाही. त्याच्या जोडीला दोन्ही दिशांनी काम करणारा बॅटरी इन्व्हर्टर बसवता येतो. लाइट गेली की हा ठेका धरतो आणि जुना सोलर इन्व्हर्टर त्याच्याशी जुळवून घेतो. मघाची वायरमनची युक्ती हीच करायला जाते. फरक असा, की उलटी येणारी वीज घेण्यासाठीच हा बनवलेला असतो. बॅटरी भरत आली की तो आवर्तनं ५० वरून थोडी वाढवतो. तो इशारा ओळखून सोलर इन्व्हर्टर वीज कमी करतो किंवा थांबतो.

अट एकच: बॅटरी इन्व्हर्टरची ताकद सोलर इन्व्हर्टरइतकी किंवा जास्त असावी. त्यामुळे ५ किलोवॅट सोलर असलेल्याला छोट्या यंत्रावर भागवता येत नाही. प्रत्येक पॅनेलमागे स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर (मायक्रोइन्व्हर्टर) असलेल्या घरांना सहसा हाच मार्ग असतो. बाकीच्यांनी हायब्रीडशी किमतीची तुलना करून मगच ठरवावं.

बॅटरी घेतली की बिल अजून उतरेल?

नाही. विक्रेता तसं म्हणत असेल तर गणित मांडून मागा. नेट मीटर दिवसाची जास्तीची वीज जमा धरतो आणि रात्री घेतलेल्या विजेतून वळती करतो. म्हणजे साठवणुकीचं काम ग्रीड आधीच करतंय, आणि तुमच्या बॅटरीसारखं ते म्हातारं होत नाही. उलट बॅटरीत वीज घालताना-काढताना थोडी वाया जाते. लाइट जाण्याची मोठी अडचण नसलेल्या घरात बॅटरी हा केवळ सोयीचा खर्च आहे. सोय म्हणून घ्या, खुशाल घ्या. पैसे परत येतील म्हणून नको.

सूर्यघरचं अनुदान सोलरच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीसाठी वेगळे पैसे नाहीत. योजनेत बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. त्याआधी दुसऱ्याकडून इन्व्हर्टर बदलून घेतला तर तो हात वर करू शकतो, म्हणून आधी त्याचं लेखी मत घ्या. सोलर इन्व्हर्टरची नोंद वीज कंपनीकडे असते. तो बदलताना त्यांना कळवा.

वादळ आलं तर?

कोकणातल्या वाचकांसाठी हा खरा प्रश्न आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी नुसती बॅटरी, कितीही मोठी असो, दोन-तीन दिवसांत संपते. पॅनेलवरून पुन्हा भरणारी छोटी बॅटरी मात्र रोज रात्री उपयोगी पडते. रात्रीचे तीन बीएलडीसी पंखे, दिवे, फ्रिज आणि मोबाइल मिळून दीड-पावणेदोन युनिट होतात. ढगाळ दिवशीही ३ किलोवॅटच्या पॅनेलकडून तेवढी वीज बहुतेक वेळा मिळते. म्हणून किनाऱ्यावरच्या घरांत हायब्रीड किंवा निदान ते वेगळं पॅनेल मला पटतं. आधी पॅनेलचा सांगाडा वाऱ्यात टिकेल असा हवा, हे वेगळं सांगायला नको.

जनरेटर असेल तर तो चेंजओव्हर स्विचमधूनच (ग्रीड किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणाऱ्या) घ्या, आणि सोलर जनरेटरच्या बाजूला येणार नाही अशी जोडणी करून घ्या. सोलरची जास्तीची वीज छोट्या जनरेटरमध्ये उलटी गेली तर तो बिघडतो. सोसायट्यांचं लिफ्ट, पंप आणि थ्री-फेजचं प्रकरण निराळं आहे. तिथे जनरेटर आणि सोलर यांच्यात नियंत्रक लागतो, आणि ते काम घरगुती वायरमनचं नव्हे.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी करून घ्या. भर दुपारी बसवणाऱ्यासमोर मेन स्विच पाडा. बॅकअपवरच्या सगळ्या वस्तू एकदम सुरू करा, फ्रिजसुद्धा. अर्धा तास तसंच चालू द्या. हायब्रीड असेल तर पॅनेलमधून किती वीज येते, ते त्याच्या पडद्यावर बघा. मग मेन चढवा आणि काही मिनिटांनी सोलर पुन्हा ग्रीडला जोडलं जातं का, तेही पाहा. हीच चाचणी रात्री आठनंतर एकदा पुन्हा करा, कारण तेव्हा सगळा भार एकट्या बॅटरीवर असतो.